पंतांच्या खिशातले पान



१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा मांडला. ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत त्यांनी दाण्यातून अंकुर आणि अंकुरातून वेल असा सगळा क्रम पकडला. बरेच दिवस चाललेली वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. ही छोटी फिल्म पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली आणि पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी आपला कारखाना नाशकात आणला आणि १९४४ साली ते इथेच वारले. आजच्या विषयाची सुरुवात मी त्या वाटाण्यापासून करतो, कारण आपल्या चित्रपटाने पहिली करामत केली ती काळावर. काळ आवळणे, ताणणे, उलटा फिरवणे, दोन काळ शेजारी ठेवणे हे कॅमेऱ्याला जन्मापासून येते. असे असूनही काळप्रवासाच्या कादंबऱ्या, त्यातही मध्ययुगात नेणाऱ्या, पडद्यावर आल्या की वारंवार फिक्या का पडतात, आणि असा चित्रपट मराठीत करायचा झाला तर कशाला धरून करावा, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. काळप्रवासाच्या कथेचा जीव दोन काळांमधल्या फटीत असतो. आजचा माणूस तिथे उभा आहे, पण तिथला नाही. त्याला पुढचे ठाऊक आहे, पण समोरच्याचे बोलणे कळत नाही. त्याने पुस्तकात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळत नाही. ही फट जपली तर कथा टिकते, बुजवली तर उरतो तो पोशाखी चित्रपट. आणि ही फट दाखवण्याची पडद्याजवळची सगळ्यात मोठी साधने दोन: भाषा आणि पुरावा. किल्ले, तोफा, घोडदळ ही त्यांच्यानंतरची.

पाश्चात्त्य उदाहरण घेऊ, कारण ते फार स्वच्छ आहे. मायकेल क्रायटनची 'टाइमलाइन' ही कादंबरी १९९९ साली आली. फ्रान्समध्ये एका मध्ययुगीन वसाहतीचे उत्खनन करणारे अभ्यासक, अमेरिकेतली एक तंत्रज्ञान कंपनी, आणि शंभर वर्षांच्या युद्धातले १३५७ हे साल. आपल्याकडे तेव्हा बहमनी राज्य स्थापन होऊन दहा वर्षे झाली होती. कादंबरीची सुरुवात उत्कृष्ट आहे. शतकानुशतके बंद राहिलेल्या जागेत अभ्यासकांना आजच्या चष्म्याची काच सापडते आणि त्यांच्याच प्राध्यापकाच्या हस्ताक्षरात मदतीची हाक सापडते. पुरावा हातात आला आहे आणि तो अशक्य आहे. तिथून पुढे क्रायटन भाषेचा प्रश्न टाळत नाही. प्रवाशांच्या कानात भाषांतर करणारे यंत्र आहे, म्हणजे ऐकलेले कळेल. पण बोलणार कसे? जुन्या फ्रेंचचा, ऑक्सितानचा, लॅटिनचा सराव असलेला मारेक सोडला तर बाकीचे जवळपास मुके आहेत. ख्रिस नावाचा तरुण अभ्यासक समोर पडलेला हातमोजा सहज सौजन्याने उचलतो आणि आपण द्वंद्वाचे आव्हान स्वीकारले आहे हे त्याला नंतर कळते. त्या काळावर पदवी घेतलेला माणूस त्या काळाची एक साधी खूण वाचू शकत नाही, म्हणून त्याचा जीव धोक्यात येतो. फट म्हणतो ती हीच.

२००३ साली रिचर्ड डॉनर यांनी या कादंबरीचा चित्रपट केला. त्यांनी कष्ट कमी केले असे कोणी म्हणू शकणार नाही. संगणकावर अवलंबून न राहता त्यांनी खरे बांधकाम उभे केले, दगड फेकणारी खरी यंत्रे चालवली. खर्च सुमारे ८ कोटी डॉलर झाला आणि जगभरातून त्याच्या निम्म्याच्या आसपास रक्कम परत आली. तिकीटबारीवरचे अपयश हा कलाकृतीचा निकाल नसतो, म्हणून तो आकडा मी बाजूला ठेवतो. चित्रपट पाहताना जे जाणवते ते वेगळे आहे. १३५७ सालचे इंग्रज सरदार आजच्या इंग्रजीत बोलतात, आजची तरुण मंडळी त्यांना आजच्याच इंग्रजीत उत्तर देतात, आणि कोणाला काही अडत नाही. हातमोजा गेला, द्वंद्व गेले. कादंबरीतली अनेक विश्वांची कल्पना गेली आणि तिच्या जागी नेमक्या एकाच सालात उघडणारे एक भुयार आले. उरलेल्या वेळात पळापळ आहे, वेढा आहे, रात्रीची अग्निवर्षा आहे. बांधकाम खरे असूनही आपण चौदाव्या शतकात आहोत असे वाटत नाही, कारण तिथे परके असे काही राहिलेलेच नाही.

तरी या चित्रपटातली एक गोष्ट कादंबरीपेक्षा सरस आहे आणि न्याय म्हणून ती सांगितली पाहिजे. कादंबरीत मारेक मागे, म्हणजे भूतकाळातच, राहतो आणि त्याच्या मित्रांना त्याची समाधी अगदी शेवटी दिसते. चित्रपटाने ती समाधी आरंभीच दाखवली. दगडात कोरलेला योद्धा, शेजारी त्याची पत्नी, दोघांचे हात एकमेकांत, आणि योद्ध्याचा एक कान नाही. पुढे लढाईत मारेकचा कान तुटतो तेव्हा प्रेक्षकाला एका क्षणात सगळे उमगते, एकही वाक्य न उच्चारता. पुरावा आधी, अर्थ नंतर. चित्रपटाला हे जमते आणि कादंबरीला इतक्या थेटपणे जमत नाही. डॉनर यांनी हे एकदा साधले. सबंध चित्रपट या रीतीने रचला असता तर आज त्याच्याबद्दल वेगळे बोलावे लागले असते.

भाषेचे काय करायचे, याचे उत्तरही क्रायटनच्याच दुसऱ्या पुस्तकावरच्या चित्रपटात सापडते. १९९९ सालचा 'द थर्टीन्थ वॉरियर' दहाव्या शतकातला आहे. त्यात काळप्रवास नाही, पण परक्या जगात पडलेला माणूस आहे. अरब प्रवासी इब्न फदलान उत्तरेकडच्या योद्ध्यांबरोबर निघतो. रात्रीमागून रात्री शेकोटीभोवती तो त्यांचे बोलणे ऐकत बसतो. आधी सगळा अनोळखी ध्वनी, मग त्यात एखादा ओळखीचा शब्द, मग अर्धे वाक्य, आणि एका रात्री तो त्यांच्या चेष्टेला त्यांच्याच बोलीत उत्तर देतो. मोजक्या मिनिटांच्या या प्रसंगाने भाषेचा अडसर आधी उभा केला आणि मग आपल्या डोळ्यांदेखत दूर केला. तो चित्रपटही पैशाच्या हिशेबात बुडाला, हे मी लपवत नाही. पण त्यातला हा प्रसंग आजही वाखाणला जातो.

भारतात मध्ययुगात नेणारा काळयंत्राचा चित्रपट म्हटला की तेलुगू 'आदित्य ३६९' पहिला आठवतो. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी १९९१ साली नायकाला थेट कृष्णदेवरायांच्या विजयनगरात नेले आणि परतीच्या वाटेवर भविष्यातही फिरवून आणले. त्याचा आनंद दरबाराच्या वैभवात आणि साहसात आहे. मराठीत उलटी वाट चोखाळली गेली. २००९ सालच्या 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय'मध्ये आपण भूतकाळात जात नाही, राजेच आजच्या मुंबईत एका खचलेल्या मध्यमवर्गीय माणसासमोर उभे राहतात. चित्रपट लोकांना मनापासून भिडला. पण या दोन्ही चित्रपटांत काळांचे बोलणे एकमेकांना विनासायास कळते. वास्तविक सतराव्या शतकातल्या दरबारी मराठीत फारसी शब्द इतके भरले होते की महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून त्यांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्या भाषेची काळजी खुद्द त्या काळालाच वाटत होती. आज कोणी त्या दरबारात जाऊन उभा राहिला तर पहिला घाम त्याला कारकुनाच्या तोंडचे वाक्य ऐकून फुटेल.

इथे मराठीचे भाग्य सांगितले पाहिजे. चौदाव्या शतकातले साधे घरगुती इंग्रजी बोलणे कसे होते याचा शोध घेताना पटकथाकाराची दमछाक होते. १३५७ साली इंग्रज कवी चॉसर अजून कोवळ्या वयात होता. आपल्याजवळ त्याच्याही आधीचे, १२७८च्या सुमाराचे 'लीळाचरित्र' आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून, विचारून, पडताळून जमवल्या, आणि त्यामुळे त्या ग्रंथात माणसे बोलतात. ती जेवायला काय आहे ते विचारतात, वाट विचारतात, रुसतात, एकमेकांची समजूत घालतात. ही गद्य मराठी आजच्या कानाला पहिल्यांदा अडते. दुसऱ्यांदा लय सापडते आणि तिसऱ्यांदा अर्थ उमटतो. म्हणजे शेकोटीभोवतीचा तो प्रसंग मराठी प्रेक्षकाच्या स्वतःच्या कानात घडू शकतो, कसल्याही युक्तीवाचून. जागेसाठीही दूर जायला नको. देवगिरीला जाण्यापूर्वी यादवांचे बस्तान आपल्या सिन्नरला होते आणि गोंदेश्वराचे देऊळ आजही तिथे आपल्या चार उपदेवळांसह उभे आहे. मध्ययुगाचा सेट बांधायला लागतो तो पैसा वाचला, तर तो भाषेच्या अभ्यासकाला द्यावा असे माझे मत आहे.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मराठी वाचकाला सांगायला नको. तिचा इंग्रजी अवतार देशभरच्या अकरावीच्या मुलांनी 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात वाचला आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते याचा विचार करत असताना ट्रकखाली सापडता सापडता एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पडतात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती त्यांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. शालेय इतिहासाच्या हिशेबात १७६१ म्हणजे मध्ययुगाचा अगदी शेवट, आणि पंत प्रत्यक्ष त्या रणांगणावर जातही नाहीत. तेव्हा काटेकोरपणे ही काळप्रवासाची कथा नाही असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण काळप्रवासाच्या कथेला जे करायचे असते ते हिच्याइतके नेमके कुठे झालेले मला माहीत नाही.

पंत काय करतात ते पाहा. अनोळखी शहरात सापडलेला हा माणूस तलवार शोधत नाही, ग्रंथालय शोधतो. टाउन हॉलमध्ये जातो, इतिहासाचे खंड मागवतो आणि क्रमाने वाचत जातो. सगळे ओळखीचे, आपणच लिहिल्यासारखे, आणि मग एका पानावर वाट फुटते. शेवटी आपल्या जगात परतल्यावर त्यांच्या खिशात 'भाऊसाहेबांच्या बखरी'चे एक फाटके पान उरते. त्यावर त्या दुसऱ्या जगाचा मजकूर आहे. सगळी कथा त्या पानावर तोललेली आहे. डॉनरच्या चित्रपटातल्या तुटक्या कानाचे काम इथे हे पान करते, आणि ते अधिक अर्थपूर्ण आहे, कारण मराठी माणसाचे पानिपत मुळात कागदांतूनच आले. ज्या पत्राने पेशव्यांना पराभव कळला असे आपण ऐकत आलो, तेही सावकारी सांकेतिक भाषेत, मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या हिशेबात लिहिलेले.

या पानाचे पडद्यावर काय होऊ शकते याची कल्पना करा. मूळ बखर मोडीत उतरलेली. मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या शिरोरेषा ओढून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेषेला टांगत जातात. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्याचे बोट ओळीवरून सरकते आणि तो ओठांतल्या ओठांत शब्द सोडवत जातो. पडद्यावर फक्त ते बोट आणि शाईची तपकिरी ओळ आहे. विश्वासरावांचे नाव आले, हत्ती आला, गोळी आली. बोट थांबते. पुढचा शब्द पंतांना पाठ आहे, आणि तो तिथे नाही. शेजारी आपल्या जगातली प्रत ठेवा: तेच वळण, तीच ओळ, एका क्रियापदाचा फरक. त्या फरकाच्या मागे कंपनी सरकार, आगगाडी, सबंध हिंदुस्थानचा नकाशा बदललेला आहे. लाखभर माणसांची लढाई संगणकावर उभी करायला जो खर्च येतो त्याच्या तुलनेत या दृश्याला काहीच पडत नाही, आणि परिणामाने ते त्या लढाईपेक्षा खोल जाईल असे मी खात्रीने म्हणतो.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, आणि सर्वात वजनदार: प्रेक्षक लढाई पाहायला येतो. २०२५ साली 'छावा'ला लोटलेली गर्दी समोर आहे. ती गर्दी खरी होती आणि तिच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण 'छावा' हा ऐतिहासिक चित्रपट. तिथे प्रेक्षकाने काळाच्या आत शिरावे, स्वतःला विसरावे, हाच करार असतो. काळप्रवासाच्या चित्रपटाचा करार दुसरा: आत जाऊनही आपण बाहेरचे आहोत हे विसरायचे नाही. लढाई दाखवू नका असे मी म्हणत नाही. ती एकदाच दाखवा, आणि जो तिचा शेवट जाणतो त्याच्या डोळ्यांनी दाखवा. पानिपतावर लढाईच्या दिवशी दुपारी मराठ्यांची सरशी होत असताना सगळी छावणी आशेने उभी आहे आणि एकच माणूस घड्याळाकडे पाहतो आहे, हे ऐतिहासिक चित्रपटाला कधीच दाखवता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की जुनी भाषा कळणार नाही, लोक उठून जातील. मेल गिब्सन यांनी २००४ साली 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये केला आणि २००६ साली 'अपोकॅलिप्टो' युकातेक माया भाषेत. दोन्ही जगभर चालले. आपल्याकडे तर कीर्तनाला बसलेला शेतकरी सातशे वर्षांपूर्वीची ओवी ऐकतो आणि बुवांनी अर्थ सांगण्याआधीच मान डोलावतो. मराठी प्रेक्षकाच्या कानावर इतका अविश्वास दाखवायचे कारण नाही.

तिसरा आक्षेप विज्ञानाचा. नारळीकरांच्या कथेत शेवटी राजेंद्र देशपांडे पंतांना पुंजवाद आणि आपत्ती-सिद्धांताच्या आधारे हा प्रकार समजावतो, आणि ते संभाषण पडद्यावर जड होईल. हे मला मान्य आहे. ते कापावे लागेल. पण 'टाइमलाइन'मध्ये झाले तसे कल्पनाच बदलून टाकू नये. इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही, तशीच गोळी लागली आणि चाटून गेली ही दोन्ही जगे शक्य होती, हे दोन पाने शेजारी ठेवली की चौथीतल्या मुलालाही दिसते. आणि जे दिसले ते पुन्हा बोलून दाखवायची गरज नसते.

चौथ्या आक्षेपावर थोडे थांबतो, कारण तो भीतीतून येतो. इतिहास बदलून दाखवला तर लोकांच्या भावना दुखावतील, वाद होतील. २०१९च्या डिसेंबरात आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' लागला तेव्हा महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि चित्रपटाला कात्री लावावी लागली. म्हणजे सरळ ऐतिहासिक चित्रपटही वादातून सुटत नाही. त्याचे कारण त्या प्रकाराच्या स्वभावात आहे. ऐतिहासिक चित्रपट संवाद रचतो, प्रसंग जोडतो, आणि हे रचलेले कोणते व सापडलेले कोणते हे प्रेक्षकाला सांगण्याची सोय त्याच्याजवळ नसते. काळप्रवासाच्या कथेजवळ ती असते. तिचा नायक हातात कागद घेऊन उभा असतो. तो पडद्यावरच म्हणू शकतो की लढाई पाहिलेला काशीराज पंडित असे लिहितो, बखर तसे लिहिते, इतिहासकार शेजवलकर दोन्ही तपासून असे म्हणतात, आणि मला समोर दिसते आहे ते यांतल्या कशाशीच पुरते जुळत नाही. इतिहासाचा आदर राखण्याचा याहून प्रामाणिक मार्ग चित्रपटाजवळ नाही. कल्पना आहे हे उघड सांगून केलेली कल्पना, सत्य म्हणून खपवलेल्या कल्पनेपेक्षा कितीतरी निरुपद्रवी असते. त्या सोयीचा उपयोग मात्र करायला हवा. जिंकलेल्या पानिपताचा नुसता जल्लोष करून थांबणारा चित्रपट नारळीकरांच्या कथेशी बेइमानी करील, कारण तिथे पंत त्या विजयी जगातही उपरेच राहतात. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते सवयीने जाऊन बसतात आणि लोक त्यांना हुसकावून लावतात. त्या जगाने सभेला अध्यक्ष नेमण्याची प्रथा केव्हाच मोडीत काढलेली असते. क्रायटनच्या ख्रिसने उचललेला हातमोजा आणि पंतांनी बळकावलेली ही खुर्ची, जातकुळी एकच.

म्हणून तरुण पटकथाकारांना, विशेषतः या जिल्ह्यातल्या, माझी विनंती आहे. ही कथा हाती घ्या, आणि तिच्यात एक पान नाशिकचे घाला. गोपिकाबाई, विश्वासरावांच्या आई. थोरला मुलगा पानिपतावर गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे वडील नानासाहेब पेशवे गेले आणि गादी धाकट्या माधवरावांकडे आली. पुढे माधवरावांशी मतभेद झाल्यावर गोपिकाबाई पुणे सोडून नाशिकजवळच्या गंगापुरात येऊन राहिल्या. नातू सवाई माधवरावांना त्यांनी पाठवलेले उपदेशाचे पत्र प्रसिद्ध आहे. गोळी चाटून गेली असती तर पेशवाईची वस्त्रे विश्वासरावांना मिळाली असती आणि या बाईंचे आयुष्य या नदीकाठी आले नसते. टाउन हॉलमधल्या खंडात पंत त्यांचे नाव शोधतील तेव्हा त्यांना गंगापूर सापडणार नाही. आपल्या इतिहासात ते आहे. गोपिकाबाई १७८८ साली, पानिपतानंतर सत्तावीस वर्षांनी, इथे गोदावरीच्या काठी वारल्या.